विश्लेषण : सुक्या गवतात शेकोटी पेटते, तेव्हा मित्र गप्प का बसतात?

पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे सह्याद्रीचे उतार दिवाळीनंतर पिवळे पडू लागतात. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यावरचे गवत कागदासारखे वाळलेले असते. गडावर मुक्काम, तंबू आणि रात्रीची शेकोटी यांची हौस मात्र तेव्हाही कमी झालेली नसते. अशा ठिकाणी आग पेटवणे धोक्याचे आहे, हे गटातल्या एखाद्याच्या तरी मनात येते. पण तो बोलत नाही. असे का होते आणि बोलायचे तर कसे?

छोटीशी शेकोटी वणवा कशी होते?

जाड ओंडका पेटायला वेळ लागतो. गवताच्या काडीला एक ठिणगी पुरते. बारीक काड्यांमधला ओलावा काही तासांच्या उन्हातच निघून जातो. त्यामुळे आठवड्यापूर्वी पडलेल्या अवकाळी सरीच्या भरवशावर राहता येत नाही. शेकोटीभोवती रचलेले दगड जळते लाकूड बाहेर घरंगळू देत नाहीत, पण वाऱ्यावर उडणाऱ्या ठिणग्या त्यांना अडत नाहीत. गडमाथ्यावर तर रात्रीही वारा असतो. त्यातच आग चढावर अधिक वेगाने पसरते, कारण वर झेपावणारी ज्वाळा पुढचे गवत आधीच तापवून सुकवते.

हा वेग किती जीवघेणा असतो, हे ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात दिसले. कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेल्यांना वणव्याने गाठले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. वाळलेले गवत, तीव्र उतार आणि वारा एकत्र आले, की धडधाकट तरुणांनाही पळून सुटता येत नाही.

नुकसान कुणाचे होते?

शेकोटी पेटवणारे सकाळी शहराकडे निघतात. मागे राहतात ती पायथ्याची गावे. गुरांसाठी राखलेले गवत, रचून ठेवलेल्या गंजी, कोकणात आंबा-काजूच्या बागा वणव्यात जळतात. रातव्यासारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना वाचायला जागा नसते. गवताने धरून ठेवलेली माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात वाहून जाते.

कळत असूनही कोणी बोलत का नाही?

बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे चपखल बसतो. विद्यार्थ्यांना खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितले. सोबत दोन जण मुद्दाम शांत बसवले, तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. न सांगणाऱ्यांनी नंतर कारणे दिली, ती वाफ असेल, वातानुकूलन यंत्रातून काही येत असेल अशी. शेजारचे शांत आहेत, म्हणजे काळजीचे कारण नसावे, असा अर्थ प्रत्येकाने लावला होता.

शेकोटीभोवती हेच घडते. आठ जणांपैकी तिघांना धाकधूक वाटत असते, पण प्रत्येक जण इतरांच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि गप्प राहतो. त्यात ‘हा नेहमीच घाबरट’ असे ऐकावे लागण्याची भीती आणि सगळ्यांचा मूड घालवल्याचा संकोच. म्हणून गटातली शांतता ही संमती असतेच असे नाही.

मैत्री न बिघडवता कसे बोलावे?

सर्वांत सोपी वेळ निघण्याआधीची असते. बेत ठरतानाच व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गवत सुकलंय, यंदा शेकोटी नको. मी दोन कंदील आणि थर्मासभर चहा आणतो’ असे लिहिले, तर वाद होत नाही. नकारासोबत पर्याय असला की तो पचतो.

जागेवर बोलायची वेळ आली, तर लाकडे गोळा होत असतानाच बोलावे. आग पेटल्यावर माघार घेणे सगळ्यांनाच जड जाते. आधी एका मित्राला बाजूला घेऊन ‘तुला हे बरोबर वाटतंय का?’ असे विचारावे. दोघांचा आवाज एक झाला की तिसराही बोलतो. ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ म्हणण्यापेक्षा ‘वारा बघ, खाली गावाच्या गंजी आहेत’ हे जास्त ऐकले जाते. ‘इतकी वर्षं पेटवतोय, काही झालंय का?’ या प्रश्नाला ‘आज वारा सुटला, तर विझवायला आपल्याकडे पाणी किती आहे?’ एवढा प्रतिप्रश्न पुरतो. पिण्याच्या बाटल्यांपलीकडे पाणी नसेल, तर उत्तर तिथेच मिळते.

कायदा काय सांगतो?

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा वनाला धोका होईल अशा रीतीने ती जळती सोडणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० अभयारण्यांत अशाच कृत्याला मनाई करते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही ट्रेकर्सची आवडती ठिकाणे अभयारण्येच आहेत. ‘मी फक्त शेकत होतो’ असे म्हणून सुटका होत नाही.

परवानगीच्या जागी पेटवलीच तर?

चारी बाजूंनी गवत-पाचोळा काढलेली मोकळी जमीन हवी, वर फांद्या नकोत, आग लहान हवी आणि भरलेली बादली आधीच शेजारी हवी. झोपण्यापूर्वी पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे. नुसती माती लोटू नये. तिच्याखाली निखारे कित्येक तास धुमसत राहतात. राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. ऊब लागली, तर आग विझलेली नाही.

आग पसरलीच तर चढावर पळू नये. गवत नसलेला कातळ किंवा आधीच जळून गेलेली जागा गाठावी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ११२ वर कळवावे आणि पायथ्याच्या गावाला लगेच फोन करावा. कोणी पेटवली, हा हिशेब नंतर करता येतो. कळवायला लावलेला उशीर भरून काढता येत नाही.