परसांतील अनाहूत पाहुणा

गेल्या मार्गशीर्षांतील एका पहाटे सातार्‍यास आमच्या परसांत कावळ्यांनीं एकच कल्लोळ मांडला. बाहेर येऊन पाहतों, तों लांकडांच्या ढिगाआड एक फिकट, गोरेंसें पांखरूं अंग चोरून बसलेलें. पत्त्यांतील बदामासारखा चेहरा आणि त्यांत दोन काळेभोर डोळे. तें होतें गव्हाणी घुबड. शेजारच्या मुलांनीं धोंडे उचललेच होते. त्यांच्या आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, अवलक्षण आहे तें, हांकलून द्या." मीं म्हटलें, "दिवस मावळेपर्यंत त्याला अभय असूं द्या, मग पाहूं."

दिवसभर मुलांच्या शंका चालूं राहिल्या. कावळे त्याच्यावर कां तुटून पडतात? घुबड रात्रीं पांखरांचीहि शिकार करतें. म्हणून दिवसां तें उघड्यावर दिसलें कीं इतर पक्षी एकजुटीनें त्याला पिटाळूं पाहतात. त्याची मान इतकी कशी वळते? घुबडाचे डोळे खोबणींत घट्ट बसलेले असतात. ते फिरत नाहींत. ती उणीव मान भरून काढते. माणसाच्या मानेंत ७ मणके, तर घुबडाच्या मानेंत १४; त्यामुळें ती सुमारें २७० अंश वळूं शकते. आणि अंधारांत उंदीर सांपडतो कसा? त्याचे दोन कान एका पातळींत नसतात. एक किंचित् वर, दुसरा खालीं. त्यामुळें आवाज दोन्ही कानांवर निरनिराळा पडतो आणि त्या फरकावरून भक्ष्याचें ठिकाण त्याला अचूक कळतें. पंखांच्या कडेला फणीसारखे मऊ दांते असल्यानें उडतांना त्याची चाहूलहि लागत नाहीं.

दिवेलागणीस पाहुणा निःशब्दपणें उडून गेला. दुसर्‍या दिवशीं जुन्या भिंतीखालीं मुलांना काळसर गोळे सांपडले. घुबड भक्ष्य बहुधा सबंध गिळतें आणि न पचलेलीं हाडें व केंस अशा गोळ्यांच्या रूपानें ओकून टाकतें. एक गोळा पाण्यांत भिजवून सोडविला, तों आंतून उंदरांच्या ३ कवट्या निघाल्या! आजीबाई त्या बराच वेळ न्याहाळीत राहिल्या.

सातार्‍यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकांठीं उंसाचे मळे आहेत. सांगलीस हळदीच्या वखारी आहेत. उंदीर उंसाचीं कांडीं कुरतडतात, वखारींतील गोण्या फोडतात. त्यांच्यावरील हा बिनपगारी पहारेकरी. परंतु उंदरांना आपण विष घालतों. विषानें मंदावलेला उंदीर घुबडाच्या तावडींत सहज सांपडतो आणि त्याच विषानें पहारेकरीहि मरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घुबड पकडणें वा मारणें हा गुन्हा आहे. पण कायदा कांहीं प्रत्येकाच्या परसांत येऊन उभा राहत नाहीं. तेथें आपली समजूतच कामीं येते. लक्ष्मीचें वाहन म्हणून चित्रांत ज्याला हात जोडावयाचे, त्यालाच दारांत धोंडे मारावयाचे, हा न्याय कोठला?

असा पाहुणा आपल्याकडे आला, तर त्याला हात लावूं नये. कुत्रीं-मांजरें दूर ठेवावीं आणि अंधार पडेपर्यंत धीर धरावा. तो जखमी असल्यास वनखात्यास कळवावें.

आमच्या शेजारीं त्यानंतर उंदरांचें विष आलेलें नाहीं. आजीबाईंनीं सांपळा आणविला आहे.