‘फ्रीमेसन व्हा, श्रीमंत व्हा’ असा मेसेज आलाय? खरा लॉज कसा ओळखायचा?

अनोळखी नंबरवरून मेसेज येतो. डीपीवर कंपास आणि गुण्या, मध्ये ‘जी’ हे इंग्रजी अक्षर. ‘अभिनंदन! फ्रीमेसन संघटनेत तुमची निवड झाली आहे. पैसा, सत्ता, प्रसिद्धी सगळं मिळेल. फक्त नोंदणी शुल्क भरा.’ खाली क्यूआर कोड.

अशा मेसेजेसपासून सावध राहा, असं परदेशातल्या अनेक ग्रँड लॉजनी जाहीरपणे सांगितलंय. फ्रीमेसनरीचे नियम माहीत असतील तर यातली फसवणूक पहिल्याच ओळीत पकडता येते. म्हणून आधी हे नियम समजून घेऊ.

फ्रीमेसन म्हणजे नेमके कोण?

मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगीन युरोपात दगडी चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या कारागिरांचे संघ असायचे. पुढे बांधकामाशी संबंध नसलेली मंडळीही त्यात येऊ लागली. हत्यारं राहिली, पण प्रतीक म्हणून. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज स्थापन केलं. १७२३ मध्ये नियमांचं पुस्तक छापलं गेलं.

इंग्रजांबरोबर ही संघटना भारतात आली, पण सुरुवातीला भारतीयांना दारं जवळपास बंदच होती. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज सुरू झालं, तेच मुळी भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. माणेकजी करसेटजी हे त्यातलं महत्त्वाचं नाव. स्वातंत्र्यानंतर, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्थापन झालं. त्याचं मुख्यालय दिल्लीत आहे. मुंबईत फोर्ट भागात आजही फ्रीमेसन्स हॉल उभा आहे.

पदव्या तीन की तेहेतीस?

सोशल मीडियावर ‘३३वी डिग्री’ या शब्दाभोवती बरंच गूढ आहे. प्रत्यक्षात मूळ फ्रीमेसनरीच्या पदव्या तीनच आहेत.

पहिली, एंटर्ड अप्रेंटिस. म्हणजे शिकाऊ उमेदवार. इथे २४ इंचांची मोजपट्टी दिली जाते. दिवसाचे २४ तास काम, प्रार्थना आणि इतरांची मदत यांत कसे वाटायचे, हा तिचा अर्थ.

दुसरी, फेलो क्राफ्ट. म्हणजे तयार झालेला कारागीर. गुण्या, ओळंबा आणि पातळी बघायचं साधन ही इथली हत्यारं. व्यवहार काटकोनात ठेवा, वागणं सरळ ठेवा आणि सगळ्यांना एका पातळीवर माना, असा त्यांचा अर्थ लावला जातो.

तिसरी, मास्टर मेसन. राजा सॉलोमनचं मंदिर बांधणाऱ्या हिराम अबिफ या कारागिराची कथा इथे सादर होते. तो जीव देतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. ही पदवी मिळाली की माणूस पूर्ण सदस्य होतो.

मग ३३ कुठून आले? ‘स्कॉटिश राइट’ ही वेगळी, ऐच्छिक शाखा आहे. मास्टर मेसन झाल्यावर तिच्यात जाता येतं. तिथे ४ ते ३३ अशी मोजणी असते. अमेरिकेत ३३वी पदवी सन्मान म्हणून देतात. पण त्यामुळे कुणी मास्टर मेसनचा साहेब होत नाही. थोडक्यात, पैसे घेऊन ‘थेट ३३वी डिग्री’ देणारा माणूस फसवतोय.

सदस्य होण्यासाठी काय लागतं?

ग्रँड लॉज ऑफ इंडियासारख्या पारंपरिक संघटनांमध्ये फक्त पुरुषांना प्रवेश असतो. वयाची अट साधारणपणे २१ वर्षं, काही देशांत १८. चारित्र्य चांगलं हवं आणि ईश्वरावर श्रद्धा हवी. धर्म कोणताही चालतो. भारतातल्या लॉजमध्ये वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ मांडलेले असतात आणि सदस्य आपापल्या ग्रंथावर शपथ घेतो. लॉजमध्ये धर्म आणि राजकारणावर वाद घालायला मनाई असते.

प्रवेश झटपट मिळत नाही. इच्छुकाने स्वतः विचारणा करायची. मग सदस्य त्याला भेटतात, त्याचं नाव सुचवतात, मुलाखत होते आणि शेवटी गुप्त मतदान होतं. त्यासाठी पांढरे आणि काळे गोळे वापरायची जुनी पद्धत आहे.

शुल्क आणि वार्षिक वर्गणी असते, पण ती या प्रक्रियेचा भाग म्हणून लॉजकडे भरायची असते. आर्थिक फायद्यासाठी येत नाही, असं उमेदवाराला सांगावं लागतं. म्हणजे ‘श्रीमंत व्हा’ हे आमिष मूळ नियमाच्या बरोबर उलट आहे.

खरा लॉज ठरवतं कोण?

चार जणांनी खोली भाड्याने घेऊन पाटी लावली, म्हणजे लॉज होत नाही. लॉजला ग्रँड लॉजची सनद लागते. ग्रँड लॉज एकमेकांना मान्यता देतात. सगळ्या जगाचं एकच मुख्यालय असं काही नाही. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने मान्यतेचे निकष १९२९ मध्ये लिहून काढले. ईश्वरावर श्रद्धा आणि लॉजमध्ये धर्म-राजकारणाला बंदी या दोन अटी त्यात आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मान्यता नाही म्हणजे बोगस, असं नसतं. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७ मध्ये ईश्वरश्रद्धेची अट काढली. इंग्लंडशी त्यांचे संबंध तुटले, पण ती संघटना आजही सुरू आहे. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुष दोघांना घेणारी संघटना निघाली. ॲनी बेझंट याच प्रवाहातल्या.

उलट उदाहरण इटलीचं. ‘पी-टू’ या लॉजला तिथल्या ग्रँड ओरिएंटने १९७६ मध्ये स्थगित केलं होतं. तरी लिचो जेल्लीच्या हाताखाली ते गुपचूप चालूच राहिलं. मार्च १९८१ मध्ये पोलिसांना ९६२ नावांची यादी सापडली. त्यात मंत्री, लष्करी अधिकारी, गुप्तचर खात्याचे प्रमुख होते. त्या वादळात सरकार पडलं. सनद आणि देखरेख का महत्त्वाची, हे यातून कळतं.

तपासायचं कसं?

लॉजचं नाव, क्रमांक आणि ते कोणत्या ग्रँड लॉजखाली येतं, हे विचारा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा.

मिळालेली माहिती समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर तपासू नका. ग्रँड लॉजची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या कार्यालयात विचारा. भारतात काही लॉज इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या ग्रँड लॉजखालीही चालतात. त्यामुळे ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’च्या यादीत नाव दिसलं नाही, तर या तिघांकडेही चौकशी करा.

प्रत्यक्ष भेट आणि मतदान यांशिवाय सदस्यत्व मिळत नाही. त्याआधी कुणी ओटीपी, आधारचा फोटो किंवा ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आणि घरात कुणाला असा मेसेज आला, तर एवढं जरी सांगितलं तरी पुरे: फ्रीमेसन व्हायचं तर आपण जाऊन विचारावं लागतं. ‘तुमची निवड झाली आहे’ म्हणणारा लॉजमधून बोलत नसतो.