तापात माणूस भ्रमल्यासारखा का वागतो?

घरातल्या दादींना न्यूमोनिया झालेला असतो. चौथ्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागतात, समोर उभ्या असलेल्या सुनेला ओळखत नाहीत. कुणी म्हणतं ताप डोक्यात गेला, कुणी म्हणतं वय झालं, तर कुणाला नजर लागल्याची शंका येते. अशा वेळी एक साधी रक्ततपासणी आधी करायला हवी, ती म्हणजे सोडियमची.

रक्तात सोडियमचं प्रमाण साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. १३५ च्या खाली गेलं की ते कमी समजतात. मळमळ, डोकेदुखी, गुंगी, तोल जाणं ही त्याची लक्षणं. फार घसरलं तर झटके येतात, शुद्धही हरपते.

दादींचं मीठ कमी पडलं का? बहुधा नाही. मेंदूतून एडीएच नावाचं हार्मोन रक्तात येतं. शरीरात पाणी कमी असेल तेव्हा ते मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं. न्यूमोनिया, क्षयरोग, मेंदूज्वर अशा आजारांत मात्र गरज नसतानाही ते पाझरत राहतं. मग प्यायलेलं पाणी लघवीवाटे पुरेसं बाहेर पडत नाही. डाळीत मीठ तेवढंच ठेवून पाणी वाढवलं की ती आळणी होते, तसंच रक्ताचं होतं. हे जादा पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या सुजतात. कवटीत फुगायला जागा नसल्यामुळे माणूस भ्रमतो. या विकाराचं वर्णन १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी प्रथम केलं.

म्हणून ‘ताप आहे, भरपूर पाणी पाजा’ हा सल्ला प्रत्येकाला लागू पडत नाही. अशा रुग्णाला डॉक्टर कधी पाणी मोजून द्यायला सांगतात. जुलाब-उलट्यांची गोष्ट वेगळी. त्यात पाणी आणि क्षार दोन्ही जातात, तिथे ओआरएसच हवं. सोडियम दोन्हीकडे कमी दिसू शकतं, पण उपाय उलटे असतात. म्हणून घरी मीठपाणी पाजणं किंवा आग्रहाने सलाईन लावून घेणं धोक्याचं आहे.

रुग्णालयातही घाई करू नये. बरेच दिवस घसरलेलं सोडियम एकदम वाढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर ते हळूहळू, पुन्हापुन्हा तपासत वाढवतात. ‘अजून उतार का नाही?’ असा तगादा लावू नका. मूळ संसर्ग आटोक्यात आला की हार्मोनही सहसा ताळ्यावर येतं.

दवाखान्यात जाताना चालू औषधांची यादी न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरतं. पाणी किती प्यायलं, लघवी किती झाली, जुलाब-उलट्या होत्या का, तेही सांगा. आणि आजारी माणूस बरळू लागला, झोपेतून नीट जागा होईना किंवा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घडीला रुग्णालय गाठा.