मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह : विषय निवडताना आपल्या विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

वसई-विरारमध्ये प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थी आणि पालक आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "आर्ट्स, कॉमर्स की सायन्स?" हा प्रश्न आता अपुरा आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. एका शाखेत राहून दुसऱ्या शाखेतला विषय शिकण्याची सोय तिच्यात आहे. पण ही माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचतच नाही.

रचना थोडक्यात अशी. मेजर म्हणजे मुख्य विषय, त्यातच पदवी मिळते. मायनर म्हणजे दुय्यम विषय. तो आपल्या शाखेतला किंवा दुसऱ्या शाखेतला असू शकतो. ओपन इलेक्टिव्ह मात्र मेजरच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला इतिहास किंवा मानसशास्त्र, आणि बी.ए.च्या विद्यार्थिनीला संगणक किंवा आर्थिक नियोजन शिकता येते. याशिवाय कौशल्याचे विषय, भाषा, क्षेत्रकार्य आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनाही श्रेयांक आहेत. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे वर्गशिक्षण.

अनेक शाखा एकत्र लागतात म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही. नालासोपाऱ्याचा स्तूप घ्या. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो लेख वाचायला ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा लागते. करंडकांचा धातू ओळखायला रसायनशास्त्र लागते. हे गाव एकेकाळी मोठे बंदर का होते, हे भूगोल आणि व्यापाराचा इतिहास सांगतो. आज स्तूपाचे संरक्षण करायचे तर पुरातत्त्वाचा कायदा आणि नगररचना कळली पाहिजे. विषय एकच, पण तो कोणत्याही एका शाखेत मावत नाही.

जातीचा प्रश्नही तसाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीसंस्थेवरचा निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. त्यांचे तेथील मुख्य शिक्षण अर्थशास्त्राचे होते. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र हे विषयही त्यांनी तेथे अभ्यासले आणि पुढे कायद्याचे शिक्षण घेतले. त्याच बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली होती. कोणी कोणता विषय शिकावा हे ठरवण्याचा अधिकार आपल्या समाजाला सहज मिळालेला नाही. म्हणून 'सोपे मार्क मिळतात' किंवा 'मैत्रिणीने घेतला' एवढ्यावर विषय निवडू नये, असे आम्हाला वाटते.

आता सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, मधूनच बाहेर पडण्याची सोय. एका वर्षानंतर ठरलेले श्रेयांक आणि जादा ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यास पूर्ण केल्यास सर्टिफिकेट, तर दोन वर्षांनंतर डिप्लोमा मिळतो. घरात पैशांची अडचण असली की ही वाट सोपी दिसते. पण एमपीएससी, यूपीएससी किंवा बी.एड.ला पदवीच लागते. यूजीसीच्या चौकटीनुसार बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. कोणी शिक्षण सोडत असेल तर ही मुदत त्याच्या घरी समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

दुसरी, चौथे वर्ष. तीन वर्षांची पदवी आजही पूर्ण पदवीच आहे. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स मिळते आणि पुढचे एम.ए. एका वर्षात करण्याची तरतूद आहे. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ज्यांना संशोधनात जायचे आहे त्यांनी पहिल्या सत्रापासून गुणांकडे लक्ष द्यावे.

तिसरी, कागदावरची निवड आणि प्रत्यक्षातली निवड. शिक्षक आणि वर्गखोल्या असतील तेवढेच विषय महाविद्यालय देते. म्हणून प्रवेशाआधी मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची यादी मागा. विषय नंतर बदलता येतो का, ते विचारा. हवा तो विषय नसेल तर विद्यार्थ्यांनी मिळून लेखी मागणी करावी. 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचे अभ्यासक्रमही श्रेयांकांसाठी धरता येतात, पण त्याआधी महाविद्यालयाची मान्यता घ्या. श्रेयांक जमा होण्यासाठी डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते उघडा. आधार आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळते का, तेही पाहा.

पाली शिकू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात स्वतंत्र पाली विभाग आहे. वर्गांच्या वेळा एकमेकांच्या आड येत नसतील तर एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा यूजीसीने २०२२ पासून दिली आहे.

आपल्या विहारांत जयंतीची तयारी महिनाभर आधी सुरू होते. बारावीच्या निकालाआधीचा एक रविवारही असाच राखून ठेवावा. पदवीला शिकणारी आपलीच मुले-मुली समोर बसवावीत, महाविद्यालयांच्या विषययाद्या भिंतीवर लावाव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एकच विचारावे : तुला कोणता प्रश्न सोडवायचा आहे? त्या उत्तरावरून मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह ठरवणे सोपे जाते.