पिवळी रेघ आणि सुईचं टोक

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला डिसेंबर २०२४ पासून विजयदुर्ग म्हणतात. ज्या शहराने १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांच्या धास्तीने ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला होता, तिथल्या लष्करी मुख्यालयाला आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मराठ्यांच्या जलदुर्गाचं नाव आहे. दक्षिणेकडचा सेंट जॉर्ज दरवाजाही शिवाजी दरवाजा झाला आहे. काळाने उगवलेला हा सूड म्हणा, गंमत म्हणा. मला मात्र या नावावरून सूर्य आठवतो, आणि सूर्यावरून प्रोस्टेट ग्रंथी. कशी, ते सांगतो.

कोकणातल्या मूळ विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दुर्बिणी लावल्या ती ही जागा. हेलियमचा शोध १८६८ साली इथेच लागला, असं गावात अभिमानाने सांगतात. ते तेवढं खरं नाही. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. १८६८च्या ऑक्टोबरात ते इंग्लंडातच होते आणि तिथूनच त्यांना सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली होती. पृथ्वीवरच्या कुठल्याही ठाऊक मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून त्यांनी नवं मूलद्रव्य मानलं. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी मान हलवली. नुसत्या रेघेवर कोण विश्वास ठेवणार? १८९५ साली विल्यम रॅमझे यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला, त्यातही तीच पिवळी रेघ उमटली, आणि वाद मिटला. दिसण्यापासून हाती लागण्यापर्यंत २७ वर्षं गेली.

आज तोच हेलियम द्रवरूपात, उणे २६९ अंशांवर, एमआरआय यंत्राच्या चुंबकाला गार ठेवतो. एवढ्या गारठ्यात चुंबकाच्या वेटोळ्यातल्या तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि ३ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६० हजारपट क्षेत्र तयार होतं. त्या बोगद्यात आडवा झालेला साठीचा गृहस्थ बहुधा एकाच प्रश्नाने धास्तावलेला असतो: नुसत्या फोटोवर भागेल, की तुकडा काढावा लागेल?

त्याची गोष्ट सुरू होते रक्ताच्या तपासणीपासून. पीएसए नावाचं प्रथिन मुख्यतः प्रोस्टेटमध्ये तयार होतं आणि थोडंसं रक्तात उतरतं. आकडा ४च्या वर गेला की घरात कुजबुज सुरू होते. पण हा आकडा चुगलखोर आहे, साक्षीदार नव्हे. वयामुळे ग्रंथी फुगली तरी तो वाढतो, लघवीचा संसर्ग झाला तरी वाढतो.

पूर्वी यापुढची पायरी ठरलेली असे. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालायचा आणि ग्रंथीत ठरावीक जागी बारा वेळा सुई मारायची. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, तिच्यातला कर्करोग बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणजे नेम घराचा, चोराचा नव्हे. सुईतून निघणारा तुकडा साधारण मिलिमीटरभर जाड आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब. असे बारा तुकडे एकत्र केले तरी ४० घनसेंटिमीटरच्या ग्रंथीचा अर्धा टक्कादेखील भरत नाही. उरलेल्या साडेनव्याण्णव टक्क्यांबद्दल आपण काय बोलत होतो, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

एमआरआयने या आंधळ्या कोशिंबिरीला डोळे दिले. त्यातली सगळ्यात विलक्षण करामत पाण्याची आहे. शरीरातले पाण्याचे रेणू क्षणभर स्वस्थ बसत नाहीत. मोकळ्या द्रवात असा रेणू सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात पंधरा-सतरा मायक्रॉन भरकटतो, साधारण एका पेशीच्या रुंदीएवढा. निरोगी प्रोस्टेट द्रवाने भरलेल्या बारीक नळ्यांची असते, तिथे त्याला ऐसपैस फिरता येतं. कर्करोगात पेशी दाटीवाटीने वाढतात, नळ्या बुजतात, रेणू अडखळतो. यंत्र हे अडखळणं मोजतं आणि पडद्यावरच्या नकाशात तिथे काळा डाग उमटतो. केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरची रेणूंची ही चुळबुळ शरीराला टाचणीसुद्धा न टोचता कळावी, याचं मला अजूनही नवल वाटतं. रेडिओलॉजिस्ट त्या डागाला १ ते ५ असे पायरॅड्स गुण देतो. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे दाट. ३ आला की सगळेच डोकं खाजवतात.

मग सुई हवीच कशाला? याचं उत्तर ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ या अभ्यासाने २०१७ साली दिलं. ५७६ पुरुषांची एमआरआय झाली, जुन्या पद्धतीची बायोप्सी झाली आणि खरं-खोटं पडताळायला ५-५ मिलिमीटरवर सुया मारून अख्खी ग्रंथी चाळून काढली. घातक ठरू शकेल असा कर्करोग असलेल्यांपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले, जुन्या बायोप्सीने जेमतेम ४८ टक्के. पण उलट बाजूही पाहा. ज्यांना तसा कर्करोग नव्हता, त्यांच्यापैकी फक्त ४१ टक्क्यांना एमआरआयने निर्दोष सोडलं. बायोप्सीने ९६ टक्क्यांना. एक पहारेकरी सावलीवरही भुंकतो, दुसऱ्याला निम्मे चोर दिसतच नाहीत. पण त्याने धरला तो चोरच.

म्हणून आता अनेक ठिकाणी क्रम असा: आधी एमआरआय, मग गरज पडली तर डागावर नेम धरून सुई. २०१८ साली ५०० पुरुषांवरच्या ‘प्रिसिजन’ चाचणीत या क्रमाने ३८ टक्क्यांमध्ये महत्त्वाचा कर्करोग सापडला, जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांमध्ये. आणि एमआरआय झालेल्यांतल्या २८ टक्क्यांना सुई लागलीच नाही. क्रम उलटा केला तर पंचाईत होते. बायोप्सीनंतर ग्रंथीत साकळलेलं रक्त काही आठवडे फोटो गढूळ करतं.

एमआरआय स्वच्छ आली तरी डॉक्टर एक साधा भागाकार करतात. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० घनसेंटिमीटरची, तर उत्तर ०.१, मोठ्या ग्रंथीला एवढं प्रथिन शोभतं. तोच ६ आकडा २५च्या ग्रंथीत आला तर ०.२४. सहसा ०.१५ ही सीमा धरतात. ती ओलांडली असेल तर फोटो निर्मळ असूनही सुईचा विषय निघतो, कारण त्या ९३ टक्क्यांबाहेर सुटलेले सात कुठेतरी असतातच. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं. प्रोस्टेटच्या बाबतीत तसं घडल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. खरी काळजी जंतुसंसर्गाची. ती कमी करायला गुदद्वाराऐवजी अंडकोशामागच्या त्वचेतून सुई घालण्याची पद्धत आता रुळते आहे.

आणि एमआरआयला कर्करोगाची प्रत कळत नाही. ती ठरते सूक्ष्मदर्शकाखाली, पेशींची मांडणी किती विस्कटली आहे यावरून. मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात बसवलेली गुणपद्धत थोड्या फेरफारांनी आजही चालते. ग्लीसन ६ आला तर अनेकदा उपचार न करता नुसतं लक्ष ठेवतात. ८ आला तर बेत पार बदलतो. फोटोतले दोन्ही डाग अगदी सख्खे भाऊ वाटू शकतात.

आपल्या देशात यात आणखी एक भिडू आहे. प्रोस्टेटला क्षय होऊ शकतो. तिथे दाहाच्या पेशी इतक्या दाटतात की पाणी तसंच अडखळतं, डाग तसाच काळा पडतो आणि पायरॅड्स ५ लिहिलेला रिपोर्ट हाती येतो. घरचे ऑपरेशनच्या खर्चाची जुळवाजुळव करू लागतात. मग तुकड्याचा अहवाल येतो, त्यात क्षयाच्या गाठी निघतात, आणि युरोलॉजिस्ट ऑपरेशनची तारीख खोडून साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देतात.