सेकंदाला एक विहीर

मुंबई ते पुणे, रेल्वेने 192 किलोमीटर. हे माप खिशात टाका, वाटेत सारखं लागणार आहे. मुंबईहून जोहान्सबर्ग हवाई मार्गाने जवळपास 7,000 किलोमीटर. म्हणजे 36 मुंबई-पुणे! अठरा वेळा पुण्याला जायचं, अठरा वेळा परत यायचं, तेव्हा कुठे आफ्रिकेच्या दक्षिण भागात आपलं पाऊल पडणार. आणि खरी मोजदाद तर तिथून पुढेच सुरू होते. सोबत आणखी दोन मापं घ्या, गावाकडची एक विहीर आणि एक रुपया. हिशेब आपण मिळून करू.

पहिला मुक्काम बहुतेकांचा ठरलेला असतो, क्रूगर राष्ट्रीय उद्यान. 1926 मध्ये स्थापन झालेलं. क्षेत्रफळ 19,000 चौरस किलोमीटरहून जास्त. आपलं ताडोबा-अंधारी बफर धरून 1,727. म्हणजे अकरा ताडोबा एका जंगलात! नाहीतर असं करा, महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा घ्या, अहिल्यानगर. अकोल्याच्या डोंगरांपासून जामखेडच्या माळापर्यंत सगळाच्या सगळा उचला आणि क्रूगरमध्ये ठेवा. वर दोन हजार चौरस किलोमीटर शिल्लक! उत्तर-दक्षिण लांबी 360 किलोमीटर, डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50. न थांबता निघालात तरी सात तास. आणि न थांबता जाणार कोण? पिल्लाला घेऊन हत्तीण रस्त्यात उभी राहिली की मागे गाड्यांची रांग लागते आणि हॉर्न वाजवायची कुणाची छाती होत नाही.

क्रूगर मोठं वाटलं? मग पश्चिमेला चला, नामिबियात. देशाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पावणेतीन महाराष्ट्र. आणि माणसं? 2023 च्या जनगणनेत 30 लाख. एकट्या पुणे शहराची लोकसंख्या 2011 मध्येच 31 लाख होती! कोथरूडपासून हडपसरपर्यंतची सगळी माणसं पावणेतीन महाराष्ट्रांवर पसरून टाका, की झाला नामिबिया. चौरस किलोमीटरला चार माणसंही वाट्याला येत नाहीत. मुंबईत तेवढ्याच जागेत वीस हजार राहतात.

माणसं विरळ, पण दाटीवाटीची हौस पाखरांनी भागवली आहे. आपल्या सुगरणीच्या कुळातला एक छोटा पक्षी तिथल्या काटेरी झाडांवर सामाईक घरटं बांधतो. लांबून पाहिलं तर कुणीतरी गवताची अख्खी गंजीच झाडावर चढवली आहे असं वाटतं. खाली उभं राहून वर पाहिलं की गवताच्या तळाला भोकंच भोकं, प्रत्येक भोक म्हणजे एका बिऱ्हाडाचा दरवाजा. एका घरट्यात शंभराहून जास्त जोडपी नांदू शकतात. वजन टनाच्या घरात जातं, कधी कधी तर झाडाची फांदीच मोडते. चाळीच्या कुठल्या मजल्यावर एवढी गर्दी पाहिली होती?

आणि जमिनीवर? वेल्विचिया नावाची वनस्पती. जन्मभरात फक्त दोन पानं! तीच दोन पानं वाढत राहतात, वाऱ्याने फाटून चिंध्या होतात आणि पुन्हा वाढतात. काही वेल्विचिया हजार वर्षांहून जुन्या आहेत. आपल्या देवगिरीचा किल्ला उभा राहिला त्याच्याही आधीपासून, दोन पानांवर संसार चालू आहे.

आता विहीर बाहेर काढा. 33 फूट व्यास, 40 फूट खोल, काठोकाठ भरलेली. अशा विहिरीत साधारण दहा लाख लिटर पाणी मावतं. ती घेऊन झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर चला, व्हिक्टोरिया धबधब्यापाशी. रुंदी 1,708 मीटर. 24 डब्यांच्या तीन एक्सप्रेस एकामागे एक लावल्या, तर त्यांचे 72 डबे जवळपास या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतात. उंची 108 मीटर, म्हणजे 36 मजली टॉवर. अशी तीन गाड्या लांब आणि 36 मजले उंच पाण्याची भिंत! समोरच्या कड्यावरून चालताना रेनकोट लागतो, छत्रीचा उपयोग नाही, कारण इथे पाऊस खालून वर येतो.

आणि पाणी किती? झांबेझी नदीचा इथला वर्षभराचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे 1,088 घनमीटर. म्हणजे दर सेकंदाला आपली एक विहीर, वर थोडी धार. एक म्हणा, विहीर गेली. दोन म्हणा, दुसरी गेली. दिवसाला नव्वद हजारांहून जास्त विहिरी! महाराष्ट्रात गावं चाळीस-पंचेचाळीस हजार. प्रत्येक गावात दोन-दोन विहिरी खणून ठेवा, हा धबधबा सगळ्या एका दिवसात तुडुंब भरून देईल. हा झाला सरासरीचा हिशेब. मार्च-एप्रिलच्या पुरात सेकंदाला तीन विहिरी धरा.

हे पाणी पुढे जातं कुठे? करिबा धरणात. साठवणीच्या हिशेबाने जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय. क्षमता सुमारे 180 घन किलोमीटर. आपल्या टीएमसीत 6,300 हून अधिक! कोयनेचं शिवसागर 105 टीएमसी. म्हणजे साठ कोयना! विहिरींत सांगायचं तर 18 कोटी विहिरी. पाण्याचा पसारा मुंबई शहर आणि उपनगर मिळून नऊ मुंबयांच्या जवळ. दरवाजे 1958 अखेर बंद झाले आणि तळं भरायला 1963 साल उजाडलं. पाणी चढू लागलं तसे बेटांवर अडकलेले सहा हजारांच्या आसपास प्राणी होड्यांतून बाहेर काढले गेले, त्या मोहिमेला ऑपरेशन नोआ म्हणतात. आणि माणसं? टोंगा समाजाचे सुमारे 57,000 लोक धरणग्रस्त झाले. कोयनाकाठच्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणखीही एक नातं आहे. जलाशय भरल्यावर 1963 मध्ये करिबा परिसर सहा रिश्टरहून मोठ्या भूकंपाने हादरला. चार वर्षांनी, डिसेंबर 1967 मध्ये, कोयना हादरली. धरण आणि भूकंप यांची चर्चा निघाली की जगभरचे अभ्यासक या दोघांची नावं जोडीने घेतात.

झांबेझी धावते, तर बोत्स्वानातली ओकावांगो रांगते. अंगोलाच्या डोंगरांत उगम पावते आणि समुद्राला न भेटता कालाहारीच्या वाळवंटात पसरून संपते. वर्षाला सुमारे 11 घन किलोमीटर पाणी आणते, म्हणजे एक कोटीहून जास्त विहिरी. त्यातल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक विहिरी ऊन आणि झाडं मिळून पिऊन टाकतात! जमीन इतकी सपाट, की पुराला अडीचशे किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश ओलांडायला चार महिने लागतात. दिवसाला जेमतेम दोन किलोमीटर. या चालीने मुंबईहून निघालेलं पाणी पुण्याला तीन महिन्यांनी पोचेल. डेक्कन क्वीन सव्वातीन तासांत पोचते! पण या संथपणातच सगळी गंमत आहे. पावसाचं पाणी वाळवंटात पोचतं ते ऐन कोरड्या ऋतूत, नेमकं तहानलेल्या कळपांच्या तोंडाशी. 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हजारावं स्थळ म्हणून दाखल झालं ते हेच.

आता कळप. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी सीमा ओलांडून एक संरक्षित पट्टा आखला आहे, कावांगो-झांबेझी. 5,20,000 चौरस किलोमीटर. पावणेदोन महाराष्ट्रांच्या जवळ! 2022 च्या हवाई पाहणीत तिथे हत्ती निघाले 2,27,900. अख्ख्या भारतात रानटी हत्ती तीस हजारांच्या आत.

मांडा हिशेब. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरा. सव्वादोन लाख हत्तींना रोज 34,000 टन! मालगाडीच्या 58 वाघिणींत साडेतीन हजार टन बसतात. म्हणजे रोज सकाळी दहा मालगाड्या चारा हजर पाहिजे. किलोला पाच रुपये लावा. रोजचे 17 कोटी, वर्षाचे सहा हजार कोटींवर! एका हत्तीची शंभर किलो लीद धरली, तर रोज सात-साडेसात हजार ट्रॉल्या खत, तेही शेतात फुकट पोच. आणि पाणी? दीडशे लिटर दरडोई, म्हणजे 34 विहिरी रोज. पाच देशांतल्या सगळ्या हत्तींची दिवसभराची तहान. ती भागवायला व्हिक्टोरिया धबधब्याला किती वेळ लागेल? अर्धं मिनिट!

हत्ती मोठा म्हणून आकडा मोठा, असं वाटत असेल तर क्वेलिया पाहा. लाल चोचीचं, वीसेक ग्रॅमचं पाखरू. विणीच्या वयाच्या क्वेलियांचा अंदाज दीडशे कोटींचा. भारतात माणशी एक वाटलं तरी वर उरतील! एक पाखरू दिवसाला दहा ग्रॅम दाणे टिपतं. दहा ग्रॅम म्हणजे किती, चिमूटभर. पण वीस लाखांचा थवा ज्वारीच्या रानात उतरला, की दिवसाला 20 टन. अख्खा ट्रक! तीस रुपये किलोने सहा लाख रुपये एका दिवसात चोचीत. आपल्याकडे माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याने वीस लाखांपुढे काय करावं?

आता रुपया काढा. व्हिक्टोरिया धबधब्याच्या गावात फेरीवाले एक जुनी नोट विकतात. पुढे एकावर एक तोललेले खडक, मागे धबधबा आणि रेडा. झिंबाब्वेने जानेवारी 2009 मध्ये काढलेली, शंभर ट्रिलियन डॉलरची. एकावर चौदा शून्यं! आपल्या भाषेत कोटी गुणिले कोटी. तितके एक रुपयाचे बंदे चिकटून मांडले, तर रांग सूर्यापर्यंत सात वेळा जाऊन परत येईल. आणि 2015 मध्ये सरकारने ही चलनं मोडीत काढली, तेव्हा या नोटेचे किती मिळाले? चाळीस अमेरिकी सेंट. तेव्हाचे पंचवीसेक रुपये. दोन वडापाव!

कागदाची किंमत उडाली, दगडाची नाही. त्याच देशात ग्रेट झिंबाब्वेचे अवशेष आहेत, अकराव्या ते पंधराव्या शतकांतले. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे 250 मीटर लांब, 11 मीटरपर्यंत उंच, म्हणजे आपल्या विहिरीच्या खोलीच्या जवळपास. चुना नाही, गिलावा नाही, नुसता ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट रचलेला. सोफाळ्याचा समुद्रकिनारा इथून दोन मुंबई-पुणे लांब. तरी उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आणि हिंदी महासागर ओलांडून आलेले काचमणीसुद्धा.

बोत्स्वानातल्या त्सोदिलो टेकड्यांवर तर साडेचार हजारांहून जास्त शैलचित्रं, अवघ्या दहा चौरस किलोमीटरमध्ये. एकेक चित्र एकेक मिनिट पाहा. 75 तास! रोज आठ तास उन्हात फिरलात, तरी दहावा दिवस उजाडेल. त्यातल्या एका पटावर देवमाशासारखी आकृती आहे. अटलांटिक महासागर इथून हजार किलोमीटर, पाच मुंबई-पुणे! आणि हे काढणारा पायी चालणारा होता.

शेवटचा हिशेब रुपयातच करू. दर वर्षाला एक रुपया खात्यात टाकायचा. ग्रेट झिंबाब्वेच्या भिंतीच्या नावावर सात-आठशे रुपये. आपल्या मानवजातीच्या नावावर तीनेक लाख. नामिब वाळवंटाच्या नावावर साडेपाच कोटी. सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या नावावर 6 कोटी 60 लाख. ऐट आली ना? आता जोहान्सबर्गजवळच्या फ्रेडेफोर्टला चला. दहा किलोमीटरहून मोठी अशनी तिथे आदळली, सहा कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कमीच पडतील एवढी. मूळ विवर किमान 170 किलोमीटर रुंद मानतात, काहींच्या मते 300. आपलं लोणार 1.83 किलोमीटर. म्हणजे 93 लोणार एका रांगेत, आणि क्षेत्रफळात साडेआठ हजार लोणार! हे घडलं कधी? खात्यात 200 कोटी रुपये जमा आहेत. तीस सह्याद्री!

आणि तरी हा तळ नाही. क्रूगरच्या दक्षिणेला बार्बर्टनचे डोंगर आहेत, 2018 पासून जागतिक वारसा. घाटरस्त्याच्या कडेला गाडी लावून कातळाला हात लावता येतो. त्यातले सर्वांत जुने कातळ 360 कोटींचे! पृथ्वीचं स्वतःचं सगळं खातंच मुळी 454 कोटींचं. या पृथ्वीने जन्मापासून कमावलेल्या दर पाच रुपयांतले जवळजवळ चार त्या रस्त्याकडेच्या दगडाने पाहिले आहेत!