इतिहासातील गोष्ट आणि न्याय

पेशवाईचा विषय निघाला की 'ध चा मा' हे शब्द कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येतातच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनी पुतण्यास 'धरावे' असे लिहून दिले होते. आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून त्याचे 'मारावे' केले, असे परंपरा सांगते. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिने न्याय होतो की अन्याय, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. तो विचारण्यापूर्वी जरा दूर, चीन देशात जाऊन येऊ. कारण इतिहास हा बऱ्यावाइटाचा निवाडा करण्यासाठी लिहावयाचा, ही समजूत तेथे फार प्राचीन काळी रुजली.

चीनमधील एका जुन्या इतिहासग्रंथाचे नावच 'वसंत आणि शरद' असे आहे. लू राज्याच्या दप्तरातील इ. स. पूर्व ७२२ ते ४८१ पर्यंतच्या त्रोटक नोंदी त्यात आहेत. त्यांमागील हकीगती 'त्सो-चुआन' ह्या ग्रंथात विस्ताराने येतात. त्यांतील एक अशी:

जिन राज्याचा राजा लिंग हा क्रूर होता. मनोऱ्यावरून लोकांवर गोळ्या मारावयाच्या आणि त्यांची धावपळ पाहावयाची, ही त्याची करमणूक. चाव तुन नावाच्या प्रधानाने त्याची वारंवार कानउघाडणी केली, तेव्हा राजाने त्याच्यावरच मारेकरी घातला. अखेर प्रधान पळाला. तो सरहद्दीपलीकडे गेला नव्हता, तोच इ. स. पूर्व ६०७ मध्ये त्याच्या एका भाऊबंदाने राजाला ठार केले. प्रधान परतला. तेव्हा तुंग हू ह्या दरबारी इतिहासकाराने, प्रधानानेच राजाला मारले अशी नोंद केली व ती भर दरबारात दाखविली. प्रधानाने हे खोटे असल्याचे म्हटले. त्यावर इतिहासकाराने कारण दिले ते असे की, मुख्य प्रधान असून त्याने सरहद्द ओलांडली नाही आणि परतल्यावर खुन्याला शासनही केले नाही. तेव्हा दोष त्याचाच. कन्फ्यूशियसने ह्या इतिहासकाराची वाखाणणी केली, असे ग्रंथ सांगतो.

काटेकोर पाहिले तर ही नोंद खरी नव्हे. तथापि तिच्यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. इतिहासकाराने दोष वर नेला. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या माथी तो ठेवला. आणि ज्याच्यावर ठपका, त्याच्यासमोर उभे राहून त्याने कारण सांगितले.

आता पुण्यास परत येऊ. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी खुनाचा तपास केला, दादांस दोषी ठरविले, ते त्यांच्या तोंडावर सांगितले आणि पद सोडले. तुंग हूची रीत ती हीच. शिवाय येथे तपासाचा आधार होता. 'ध चा मा' ही गोष्ट मात्र नेमकी उलट वाटेने जाते. ती दोष सत्ताधीशावरून काढते आणि त्याच्या पत्नीच्या लेखणीवर ठेवते. ह्या फेरफाराला समकालीन कागदांचा भक्कम आधार मिळालेला नाही. घरातील बाईने घात केला, एवढे म्हटले की दादांचे ओझे हलके होते आणि ऐकणाऱ्याचेही समाधान होते.

बखरींतील हकीगतींवर असा सहज विश्वास ठेवू नये, त्या समकालीन पत्रांशी ताडून पाहाव्यात, हे इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्याच्या पहिल्या खंडात पानिपतच्या पत्रांवरून दाखवून दिले. १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो आपल्या खानदेशातच, धुळ्यास. आणि १९२७ साली तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. एरंडोलकरांना ते काही परके नाही.

ह्याचा अर्थ इतिहासातून नीतीची हकालपट्टी करावी असा नव्हे. गोष्टीवाचून इतिहास कोणाच्या स्मरणात राहत नाही. परंतु गोष्टीत आपण कोणाला तरी गुन्हेगार ठरवितो, आणि ज्याला ठरवितो तो उत्तर द्यावयास हयात नसतो. म्हणून पुढच्या वेळी मुलांना 'ध चा मा' सांगाल तेव्हा रामशास्त्र्यांचा निवाडा आधी सांगा. अक्षराची गोष्ट मागाहून, आणि ती केवळ ऐकीव आहे असे म्हणून सांगा.